कवितेचा नंबर ३२५

जेम्स वेल्डन जॉन्सन हे कवी होते. १९३० च्या सुमाराला अमेरिकेत हे कुणाला वेगळे सांगावे लागत नव्हते. तरीही तिथल्या कित्येक ग्रंथालयांत त्यांचा कवितासंग्रह कवितेच्या फडताळात सापडत नसे. तो ३२५ या वर्गांकाखाली लावलेला असे. ड्युई दशांश वर्गीकरणात ३२५ म्हणजे स्थलांतर आणि वसाहती. शेजारचा ३२६ म्हणजे गुलामगिरी. पुस्तक कशाविषयी आहे हे पाहायची गरजच उरत नव्हती. लिहिणारा काळा आहे एवढे कळले की झाले. यांपैकी एक आकडा पुस्तकाच्या कण्यावर चिकटे.

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर यांनी १९३० ते १९७३ अशी ४३ वर्षे काळ्या लोकांच्या इतिहास-साहित्याचा संग्रह सांभाळला. त्यांची थोरवी सांगताना बहुतेक जण संख्या सांगतात. सुरुवात काही हजार नगांपासून. निवृत्तीच्या वेळी पुस्तके, पत्रके, हस्तलिखिते मिळून सुमारे १ लाख ८० हजार. संख्या मोठी आहे, यात वाद नाही. पण त्यांचे खरे मोठेपण मला एका नकारात दिसते. जॉन्सन यांची कविता ३२५ मध्ये जाणार नाही, ती कवितेतच जाईल, हा तो नकार. पुढे आपल्या आठवणी सांगताना पोर्टरबाईंनी त्या पद्धतीला सरळ मूर्खपणा म्हटले. मी त्याहून कडक शब्द वापरीन. ती चोरी होती. कवीच्या हातातून त्याची कविता काढून घ्यायची आणि बदल्यात त्याला त्याचा वर्ण परत द्यायचा.

ग्रंथालय ज्यांनी फक्त देवघेवीच्या खिडकीतून पाहिले आहे त्यांना वाटेल, एका आकड्याचे एवढे काय? पुस्तक आहे ना, मग ते कुठल्या का खणात असेना. असे म्हणणाऱ्याने मुक्तप्रवेश असलेल्या ग्रंथालयात तासभर उभे राहून पाहावे. वाचक एका पुस्तकासाठी येतो, पण फडताळापाशी रेंगाळतो. डावीकडचे काढतो, उजवीकडचे चाळतो. वर्गीकरणाची सगळी मेहनत या शेजारासाठी असते. कवितेच्या फडताळात ज्याला व्हिटमन मिळाला त्याला जवळपास जॉन्सन मिळाला नाही, तर तो तक्रार करत नाही. जे तिथे असू शकते हेच माहीत नाही, त्याची तक्रार कोण करणार? तो एवढेच शिकून बाहेर पडतो की काळ्या लोकांनी कविता लिहिलेली नाही. त्याला तसे कुणी सांगितलेले नसते. फडताळाने सांगितलेले असते, आणि फडताळावर कुणी शंका घेत नाही.

आता हाच वाचक काळा विद्यार्थी आहे असे धरा. वैद्यक शिकायला आलेला. वैद्यकाच्या फडताळात त्याच्या लोकांपैकी कुणी नाही. संगीतात नाही, भूगोलात नाही, धर्मात नाही. त्याची सगळी माणसे एका जागी भेटतात: गुलामगिरी आणि वसाहती. त्याच्या आजोबांच्या पायांत बेड्या होत्या, हे त्याला ग्रंथालयाकडून शिकायचे नव्हते. ते त्याला घरीच ठाऊक होते. त्या बेड्या तुटण्याआधी, तुटताना आणि तुटल्यावर या लोकांनी काय लिहिले, काय शोधले, काय गायले, हे जाणून घ्यायला तो आला होता. आणि नेमके तेच त्याच्यापासून एका आकड्याने दडवले.

पोर्टरबाईंनी ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले ते कोलंबिया विद्यापीठात. १९३१ मध्ये पदवी, १९३२ मध्ये पदव्युत्तर पदवी. कोलंबियातून ग्रंथालयशास्त्राची पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. हा तपशील एवढ्यावर सोडू नये. १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध करणाऱ्या मेल्विल ड्युईंनीच १८८७ मध्ये कोलंबियात ग्रंथपालांची पहिली शाळा काढली होती. ती मध्ये ऑल्बनीला गेली आणि १९२६ मध्ये कोलंबियात परत आली. म्हणजे ड्युईंच्या परंपरेतच पोर्टरबाई घडल्या. नियम काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हते असे कुणी म्हणू शकत नाही. त्या नियमाच्या तज्ज्ञ होत्या, आणि तज्ज्ञ म्हणूनच त्यांनी तो बाजूला ठेवला. अज्ञानातून मोडलेला नियम आणि पूर्ण ज्ञानाने मोडलेला नियम यांत जे अंतर आहे, तेच कारकून आणि ग्रंथपाल यांच्यात आहे.

१९३० मध्ये त्यांच्या हाती आलेला ऐवज असा होता. लुईस टॅपन या गुलामगिरीविरोधी व्यापाऱ्याने १८७३ मध्ये दिलेली १,६०० हून अधिक पुस्तके आणि पत्रके. जेसी मूरलँड या विद्यापीठाच्याच माजी विद्यार्थ्याने आणि विश्वस्ताने १९१४ मध्ये दिलेला सुमारे ३ हजार नगांचा संग्रह. पोर्टरबाई ग्रंथालयभर फिरल्या आणि कामाचे एकेक पुस्तक उचलून आणले. खरेदीला पैसे नव्हते. म्हणून जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांशी ओळखी वाढवल्या, त्यांच्या याद्या मागवल्या. प्रकाशकांना लिहिले की आमच्याकडे पैसे नाहीत, पण हे पुस्तक द्याल का? पुष्कळांनी दिले. ब्राझील-मेक्सिकोपर्यंत माणसे जोडली. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव दप्तरे शोधत हिंडले, हे आपण अभिमानाने सांगतो. पोर्टरबाईंचे हिंडणे त्याच जातकुळीतले. फरक एवढाच की राजवाड्यांच्या हिंडण्याला आपण संशोधन म्हणतो. बाईंच्या हिंडण्याला लोक पुस्तके गोळा करणे म्हणत राहिले.

पुस्तके आली. मग ती लावायची कशी हा प्रश्न आला. मार्गदर्शनासाठी त्यांनी ज्या ज्या ग्रंथालयांकडे पाहिले, तिथे ड्युई आणि तिथे ३२५. हॉवर्डमध्ये मात्र या कामाचा पाया आधीच कुणीतरी घालून ठेवला होता. लुला अ‍ॅलन, एडिथ ब्राउन, लुला कॉनर आणि रोझा हर्शॉ. ग्रंथालयातल्याच चार बायका. हॉवर्डच्या गरजेला शोभेल अशी मांडणी करायला त्यांनी सुरुवात केली होती. पोर्टरबाईंनी ते श्रेय त्यांना दिले आणि पाया धरून इमारत उभी केली. कला, मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, शिक्षण, भूगोल, इतिहास, आरोग्य, भाषा, साहित्य, वैद्यक, संगीत, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, खेळ, धर्म. पुस्तक ज्या विषयाचे, त्या विषयात. साहित्य असेल तर त्याचा प्रकार आणि लेखकाचे नाव. वाचायला हे इतके साधे वाटते की यात क्रांती कुठे, असा प्रश्न पडावा. क्रांती याच साधेपणात होती. गोऱ्या लेखकाला जे मागावे लागत नव्हते, ते काळ्या लेखकाला मिळाले. त्याचे पुस्तक त्याने ज्यावर लिहिले त्या विषयाखाली आले.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो खरा आहे. पोर्टरबाईंचा संग्रह तरी काय होता? काळ्यांचा वेगळा विभागच ना? मग ३२५ च्या एका कपाटाऐवजी एक आख्खी खोली दिली, एवढाच बदल झाला की नाही? नाही. वेगळे ठेवणे आणि एकजिनसी समजणे या दोन गोष्टी आहेत. दुर्मीळ, दुर्लक्षित, रद्दीत जाण्याच्या बेतात असलेले कागद वाचवायचे तर त्यांना स्वतंत्र जागा, स्वतंत्र माणूस आणि स्वतंत्र कुलूप लागते. ती सोय आहे. पण त्या जागेच्या आत गेल्यावर वाचकाला जगातले सगळे विषय दिसले पाहिजेत. पोर्टरबाईंच्या खोलीत ते दिसत होते. ३२५ च्या खणात एकच विषय दिसत होता, तो म्हणजे लेखकाच्या कातडीचा रंग.

विषयवार लावल्याने काय हाती लागते याचा पुरावा त्यांच्याच संशोधनात आहे. १९३६ मध्ये त्यांनी १८२८ ते १८४६ या काळातल्या काळ्या लोकांच्या वाङ्मयीन मंडळांवर लेख लिहिला. गुलामगिरी अजून कायद्याने चालू होती तो हा काळ. १८२८ मध्ये फिलाडेल्फियात काळ्या पुरुषांनी वाचनमंडळ स्थापले. १८३१ मध्ये त्याच शहरात काळ्या बायकांनी आपले साहित्यमंडळ काढले. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड रगल्स या काळ्या माणसाने १८३४ मध्ये पुस्तकांचे दुकान टाकले. काळ्यांना इतर वाचनालयांत प्रवेश नव्हता म्हणून पुढे वाचनखोलीही चालवली. रगल्सवरही पोर्टरबाईंनी १९४३ मध्ये स्वतंत्र लेख लिहिला. वर्गणी, नियमावली, सभांतली भाषणे, वाचलेल्या पुस्तकांची चर्चा: सगळे कागदावर होते. ‘गुलामगिरी’ असा शिक्का मारलेल्या खणात हे कागद पडून राहिले असते, तर ते गुलामगिरीचेच पुरावे म्हणून वाचले गेले असते. वाचनसंस्कृतीचे पुरावे म्हणून कुणी त्यांच्याकडे पाहिले नसते. ज्यांना वाचायला शिकवणे दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुन्हा होता, त्यांच्याच भाऊबंदांनी उत्तरेत वाचनालये चालवली. ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकात येण्याआधी एका ग्रंथपालाच्या टेबलावर जुळवली गेली. १७६० ते १८३७ या काळातले काळ्या लेखकांचे लिखाण एकत्र करणारा त्यांचा ग्रंथ १९७१ मध्ये आला. त्याच सुरुवातीच्या काळातल्या लेखनावर त्यांनी कोलंबियात प्रबंध लिहिला होता. मधे जवळजवळ ४० वर्षे गेली होती.

एवढे सगळे करणाऱ्या बाईंना त्यांच्याच विद्यापीठाने काय वागणूक दिली, त्याचा एक प्रसंग त्यांनी स्वतः सांगून ठेवला आहे. १९४६ मध्ये आर्थर स्पिंगार्न या गोऱ्या वकिलाचा संग्रह विकत घेण्याची संधी आली. जगभरच्या काळ्या लेखकांची, अनेक भाषांतली पुस्तके त्यात होती. किंमत ठरवायची होती. विद्यापीठाच्या खजिनदाराला पोर्टरबाईंचा अंदाज पुरेसा वाटेना. बाहेरच्या माणसाकडून मूल्यांकन करून आणा, असे त्याने सांगितले. त्या काँग्रेसच्या ग्रंथालयातल्या मूल्यांकनकाराकडे गेल्या. त्याने संग्रह पाहिला आणि प्रामाणिकपणे हात वर केले. काळ्या लोकांची पुस्तके मला कळत नाहीत, अहवाल तुम्हीच लिहा, मी माझ्याकडून पाठवतो, असे तो म्हणाला. बाईंनी अहवाल लिहिला. तो गोऱ्या तज्ज्ञाच्या हाताने विद्यापीठात परत आला. खजिनदाराने तो गोऱ्या माणसाचे काम समजून मान्य केला.

हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात गंमत दिसत नाही. ३२५ च्या आकड्याने जॉन्सनचे जे केले, तेच या टेबलावर पोर्टरबाईंचे झाले. अहवालातले ज्ञान तेच, वाक्ये तीच, आकडे तेच. लिहिणारी काळी बाई आहे म्हटल्यावर ते पुरेसे नव्हते. लिहिणारा गोरा पुरुष आहे असे वाटताच पुरेसे झाले. आशय न वाचता लेखक पाहून किंमत ठरवण्याची ही सवय ग्रंथालयाच्या फडताळातून खजिनदाराच्या खोलीपर्यंत पसरलेली होती. आणि हे काळ्यांच्याच विद्यापीठात घडले, हे विसरू नये. ज्यांच्यावर शिक्का मारला जातो तेही तोच शिक्का दुसऱ्यावर मारायला शिकतात.

यावर एक सोपे उत्तर दिले जाते. ड्युईच वंशद्वेष्टे होते, त्यांच्याकडून दुसरे काय होणार? ते होतेच. त्यांच्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यू आणि काळ्या लोकांना मज्जाव होता. त्यावरून १९०५ मध्ये तक्रार झाली आणि न्यूयॉर्क राज्याच्या ग्रंथपालपदावरून त्यांना जावे लागले. बायकांशी त्यांचे वागणेही वाईट होते. २०१९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेने आपल्या पदकावरून त्यांचे नाव काढले. ते योग्यच झाले. पण सगळा दोष ड्युईंच्या माथी मारला की बाकीचे सुटतात. जॉन्सन यांच्या पुस्तकावर ३२५ ची चिठ्ठी ड्युईंनी स्वतः चिकटवली नव्हती. ती चिकटवली शेकडो गावांतल्या भल्या, कष्टाळू, नीटनेटक्या ग्रंथपालांनी. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या मनात द्वेष नसावा. त्यांच्यासमोर छापील तक्ता होता. शेजारच्या ग्रंथालयाने तसेच केले होते. पदक काढता येते. वहिवाट काढायची तर रोज एकेक पुस्तक हातात घेऊन विचारावे लागते, हे कशावर आहे? पोर्टरबाईंनी ४३ वर्षे हा प्रश्न विचारला.

आता आपल्याकडे पाहू. आपल्या बहुतेक कॉलेजांत ड्युईच चालतो. त्यात मराठी साहित्य ८९१.४६ आहे, म्हणजे ‘इतर भाषांतल्या साहित्या’च्या पोटात. धर्माच्या मूळ मांडणीत २२० ते २८० हे सगळे ख्रिस्ती धर्माला दिले आणि बाकीचे सगळे जग २९० मध्ये बसवले. हे आपल्याला टोचते, आणि ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात ते आवर्जून शिकवलेही जाते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ज्या बोर्डन या ग्रंथपालांना अमेरिकेतून आणले, त्यांनीही ड्युईंचे आकडे जसेच्या तसे लादले नाहीत. तिथल्या ग्रंथालयांसाठी कटर आणि ड्युई या दोघांच्या वर्गीकरणांच्या मेळातून वेगळी मांडणी केली. आपल्यावर जो आकडा अन्याय करतो तो आपल्याला दिसतो. आपण दुसऱ्यावर लावलेला आकडा दिसतो का?

नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ मध्ये आला. तो कवितासंग्रह आहे. त्याची जागा मर्ढेकर, करंदीकर, कोलटकर यांच्या फडताळात आहे. ती कृपा म्हणून द्यायची नाही, वर्गीकरणाच्या साध्या नियमाने तिथेच आहे. मी पाहिलेल्या काही कॉलेज ग्रंथालयांत तो तिथे नव्हता. ‘दलित साहित्य’ अशी पाटी लावलेल्या एका कपाटात तो होता. आत्मकथने, मोर्च्यांचे अहवाल, आरक्षणावरची पुस्तके आणि जयंतीनिमित्त काढलेल्या पुस्तिका यांच्या गर्दीत. एके ठिकाणी तर त्याच्या कण्यावर ३०५ होता. ३०५ म्हणजे समाजगट. म्हणजे मराठी कविता शिकणाऱ्या विद्यार्थ्याने कवितेचे फडताळ वरपासून खालपर्यंत वाचून काढले, तरी त्याला ढसाळ भेटणार नाहीत. साठोत्तरी कवितेवर तो पंधरा गुणांचे उत्तर लिहील, आणि त्या उत्तरात एक मोठे भोक असेल.

दुसरे उदाहरण त्याहून ठळक आहे. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे डॉ. आंबेडकरांचे १९२३ मधले पुस्तक चलनावर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या डॉक्टरेटसाठी लिहिलेला तो प्रबंध. रुपया सोन्याशी कसा जोडावा, सरकारच्या चलनविषयक अधिकाराला लगाम कसा घालावा, हा त्याचा विषय. त्याचा आणि जातीच्या प्रश्नाचा थेट संबंध नाही. तरी तो शोधायचा कुठे? ‘आंबेडकर साहित्य’ या कपाटात. हे कपाट असायला माझी मुळीच हरकत नाही. ते असावे, दर्शनी असावे, त्याला कुलूप नसावे. पण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातला जो मुलगा चलनाच्या फडताळापाशी उभा आहे, त्याला केन्स दिसतो आणि आंबेडकर दिसत नाहीत. आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ होते हे त्याला भाषणात ऐकायला मिळते. फडताळ त्याला उलटे सांगते. दोघांपैकी तो कुणावर विश्वास ठेवेल?

यात आपल्या ग्रंथपालांचा हेतू वाईट आहे असे मी मुळीच म्हणत नाही. उलट बहुतेक ठिकाणी ही कपाटे आदराने मांडलेली आहेत. तिथे फुले वाहिलेली असतात. पण आदराने केलेले वेगळेपणही वाचकाच्या वाटेत येते. यावर उपाय फार अवघड नाही. एक प्रत कपाटात, एक प्रत विषयात. एकच प्रत असेल तर ती विषयात, आणि कपाटात तिची नोंद. तेही जमत नसेल तर तालिकेत विषयाखाली नोंद तरी हवी, म्हणजे संगणकावर ‘चलन’ टाकणाऱ्याला आंबेडकर सापडतील. यासाठी सरकारी निर्णय लागत नाही. पुस्तक उघडून पाहणारा माणूस लागतो.

आणि नेमका तोच माणूस आपण नाहीसा करत आहोत. ग्रंथपालाची जागा निवृत्तीनंतर भरायची नाही, चाव्या कार्यालयातल्या लिपिकाकडे द्यायच्या, पाहणी समिती येण्याआधी दोन महिने कुणाला तरी तासिका तत्त्वावर बसवायचे, हे आता कित्येक संस्थांत सवयीचे झाले आहे. पुस्तके विक्रेत्याकडून आकडे छापलेल्या चिठ्ठ्यांसह येतात. संगणकात दुसऱ्या ग्रंथालयाची नोंद उतरवून घेतली की काम संपले, असे मानले जाते. म्हणजे शेजारच्याने ३०५ लावला असेल तर आपणही ३०५. अमेरिकेत ३२५ असाच पसरला. पोर्टरबाईंच्या काळात ही नक्कल हाताने होत असे. आता ती एका कळीने होते. तिला अडवणारा एकच अडथळा पूर्वी होता आणि आजही आहे: विषय जाणणारा, पुस्तक वाचणारा आणि चुकीच्या आकड्याला नाही म्हणण्याचा अधिकार असलेला ग्रंथपाल. त्याला प्राध्यापकाइतका मान, प्राध्यापकाइतका पगार आणि खरेदी समितीत मत असायला हवे. स्पिंगार्न संग्रहाचे मोल ज्यांना कळत होते त्यांचीच सही खजिनदाराला चालत नव्हती. आपल्या संस्थांत ही सही आजही चालत नाही.

पोर्टरबाईंना १९९४ मध्ये अमेरिकेचा चार्ल्स फ्रँकेल पुरस्कार मिळाला. तेव्हा त्या ८९ वर्षांच्या होत्या. निवृत्तीला २१ वर्षे झाली होती. पुढच्याच वर्षी त्या गेल्या.

वाचकांना एक विनंती आहे. येत्या आठवड्यात आपल्या किंवा आपल्या मुलांच्या कॉलेजच्या ग्रंथालयात जा. खिडकीवर ‘गोलपिठा’ मागू नका. कवितेच्या फडताळापाशी जा आणि तो तिथे आहे का पाहा. मग अर्थशास्त्रात जाऊन आंबेडकर शोधा. सापडले तर ग्रंथपालांचे नाव विचारून त्यांना धन्यवाद द्या. नाही सापडले तर ग्रंथपालांना आणि प्राचार्यांना लेखी कळवा. नवा आकडा लावायला एक चिठ्ठी आणि तालिकेतली एक दुरुस्ती लागते. आणि त्या कॉलेजात कळवायला ग्रंथपालच नसेल, तर पत्र संस्थाचालकांना पाठवा आणि पहिली मागणी ती जागा भरण्याची करा.